विमान एकीकडे, नेम दुसरीकडे! – जर्मन विमानवेधी तोफांची गोष्ट

सगळ्यात आधी एक कबुली. माझं शिक्षण पहिलीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे मराठी म्हणजे आठवड्यातून चार तास, आणि आवारात मराठीत बोलताना सापडलं तर दहा रुपये फाईन. त्यामुळे आमच्या मराठी विभागाच्या मॅडमनी हॉस्टेलवर येऊन "या वर्षी मुलींकडून नुसत्या कविताच आल्यात, एक तरी टेक्निकल लेख द्या" असं म्हणत थेट माझ्याकडे बघितलं, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. मग विचार केला, गोळा आलाच आहे तर गोळ्यावरच लिहू! शुद्धलेखन माझ्या रूममेटने तपासलंय. लेख आवडला तर श्रेय माझं, चुका सापडल्या तर तिच्या.

आता मुलींच्या हॉस्टेलमध्ये राहून तोफांवर लेख का? त्याला कारण आहे माझा मिनी प्रोजेक्ट. म्हणजे खरं तर त्याचं झालेलं हसं.

बॉल कुठे आहे, की कुठे होता?

आम्हा तिघींचा प्रोजेक्ट साधा होता. दोरीला एक लाल बॉल टांगायचा, त्याला झोका द्यायचा, वेबकॅमने तो बॉल शोधायचा आणि दोन सर्व्हो मोटर्सवर बसवलेला लेझर पॉइंटर त्याच्यावर रोखून ठेवायचा. रूमवर रात्री दोन वाजता तो झकास चालत होता (कारण आम्ही बॉल हळू हलवत होतो!). व्हायवाच्या दिवशी एक्स्टर्नल सरांनी स्वतः बॉलला जोरात झोका दिला आणि लेझरचा ठिपका बॉलच्या मागेमागे धावायला लागला. शेपटीसारखा. बॉलला काही तो लागेना.

सर चिडले वगैरे नाहीत. शांतपणे म्हणाले, "बेटा, तुझं यंत्र बॉल कुठे आहे ते दाखवतंय, की कुठे होता ते?"

मी गप्प. कॅमेऱ्याने फोटो घेतला, प्रोग्रॅमने बॉल शोधला, मोटर फिरली, यात साधारण ०.२ सेकंद गेले. बॉलचा वेग सेकंदाला १ मीटर धरला, तर तेवढ्या वेळात तो २० सेंटिमीटर पुढे गेलेला असणार. आमचा प्रोजेक्ट नेहमीच भूतकाळात नेम धरत होता. सर जाता जाता म्हणाले, "विमान पाडणाऱ्या तोफांचा इतिहास वाच. हाच प्रश्न सोडवायला लोकांची आयुष्यं गेली." मार्क किती मिळाले ते विचारू नका. पण मी खरंच वाचायला बसले आणि दोन महिने त्यातच अडकले.

फुगा, पॅरिस आणि क्रुप

आकाशातल्या गोष्टीवर तोफ डागायची कल्पना विमानांपेक्षा जुनी आहे. १८७० साली प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला तेव्हा आतले लोक टपाल आणि माणसं फुग्यांतून बाहेर पाठवत होते. लिऑन गांबेता हा फ्रेंच नेता असाच फुग्यात बसून निसटला. मग क्रुप या जर्मन कारखान्याने फुगे पाडायला एक हलकी तोफ तयार केली. जर्मन भाषेत तिला 'बलूनविरोधी तोफ' असंच नाव होतं. पुढे विमानं आली आणि नाव झालं 'फ्लीगर-आबवेर-कानोने', म्हणजे विमानविरोधी तोफ. एवढं लांब नाव कोण घेणार? त्याचं झालं 'फ्लाक'. हा शब्द नंतर इंग्रजीतही गेला आणि तिथे आज त्याचा अर्थ 'चौफेर टीका' असाही होतो. सबमिशन उशिरा दिल्यावर आपण जे खातो ते!

पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला आणि १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने त्यांच्या शस्त्रनिर्मितीवर, विमानवेधी तोफांसकट, कडक बंधनं आली. पण कागदावर बंदी घातली म्हणून डोक्यातली कला जात नाही. क्रुपचे काही डिझाईन इंजिनिअर स्वीडनला बोफोर्स कंपनीत जाऊन बसले. हो, तीच बोफोर्स! आपल्याकडे १९८६ च्या तोफांच्या सौद्यामुळे आणि १९९९ च्या कारगिलमुळे घराघरात पोचलेलं नाव. तिथे कायद्याच्या नजरेआड त्यांनी नव्या तोफेचं काम केलं. ते परतले, १९३० नंतर जर्मनीत नमुने तयार झाले आणि १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर उत्पादन सुरू झालं. तोफेचं नाव ठेवलं '८.८ सेंटिमीटर फ्लाक १८'. ते १८ कशाला? तर कोणी विचारलं की सांगता यावं, "छे हो, हे तर १९१८ चं जुनं मॉडेल!" आपण जुन्या जर्नलला नवं कव्हर घालतो, त्यांनी नव्या तोफेला जुनं कव्हर घातलं.

एटी-एट आतून कशी होती?

सैनिक तिला 'आख्ट-आख्ट' म्हणजे आठ-आठ म्हणायचे, इंग्रज 'एटी-एट'. नळीचा आतला व्यास ८८ मिलिमीटर आणि लांबी व्यासाच्या ५६ पट, म्हणजे जवळपास ५ मीटर. गोळा साधारण ९ किलोचा आणि नळीतून सुटताना वेग सेकंदाला सुमारे ८२० मीटर. गोळा १० किलोमीटरपर्यंत चढू शकायचा, पण नेम धरून मारा करायचा तर ८ किलोमीटरच्या आसपास मर्यादा यायची.

मला त्यात सगळ्यात आवडल्या त्या तीन गोष्टी.

पहिली म्हणजे बैठक. जमिनीवर अधिक चिन्हासारखे चार पाय पसरायचे आणि मधल्या खांबावर तोफ पूर्ण ३६० अंश फिरायची. नळी आडवीपेक्षा किंचित खालपासून ८५ अंशांपर्यंत उचलता यायची. दोन बाजूचे पाय वर दुमडले आणि पुढेमागे चाकांच्या दोन जोड्या लावल्या की निघाली वरात. ओढायला अर्धी चाकं, अर्धे पट्टे असलेली गाडी. इतकी वजनदार तोफ (बैठकीसह सुमारे ५ टन) रस्त्यावरून पळवता येणं ही त्या काळात मोठी सोय होती.

दुसरी म्हणजे ब्रीच, नळीचं मागचं दार. हे आडवं सरकणारं होतं. गोळा सुटला की नळी धक्क्याने मागे यायची, हायड्रॉलिक बफर तो धक्का पचवायचा, दाबलेल्या हवेचा रिक्युपरेटर नळीला परत जागेवर ढकलायचा, आणि या परतीच्या प्रवासातच दार आपोआप उघडून रिकामं काडतूस बाहेर फेकलं जायचं. पुढचा राऊंड आत सारला की दार पुन्हा बंद. वाया जाणारी ऊर्जा कामाला लावायची ही आयडिया! त्यामुळे सराईत तुकडी मिनिटाला १५ ते २० गोळे मारायची.

तिसरी गोष्ट प्रॉडक्शनवाल्यांसाठी. तोफेच्या नळीची झीज सगळीकडे सारखी होत नाही. जिथे गोळा आट्यांमध्ये शिरतो, तिथे गरम वायूंमुळे ती सर्वात जास्त झिजते. पुढच्या 'फ्लाक ३६' या मॉडेलमध्ये आतलं अस्तर तीन तुकड्यांत केलं, म्हणजे झिजलेला तुकडाच तेवढा बदलायचा. पूर्ण नळी फेकायची गरज नाही. मेसमधल्या मिक्सरचं पातं बदलतात, मिक्सर नाही, तसं.

त्यानंतरच्या 'फ्लाक ३७' मध्ये बदल झाला तो तोफेवरच्या डायलमध्ये. आणि इथूनच माझ्या बॉलची गोष्ट सुरू होते.

वीस सेकंदांचा प्रश्न

एक छोटं गणित करू. वहीत नाही, मनातच. विमान ७ किलोमीटर उंचीवर आहे आणि त्याचा वेग ताशी २९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ८० मीटर. गोळ्याला तिथे पोचायला साधारण २० सेकंद लागतात असं धरू. तेवढ्यात विमान किती पुढे जाईल? ८० गुणिले २०, म्हणजे १६०० मीटर! अमेरिकन बी-१७ बॉम्बरच्या पंखांची लांबी साधारण ३२ मीटर होती. म्हणजे विमान दिसतंय तिथून त्याच्याच पन्नास पंखांइतकं पुढे, जिथे या क्षणी नुसती हवा आहे, तिथे नेम धरायचा.

बरं, दिशा आणि उंची जमली तरी काम संपत नाही. गोळा थेट विमानावर आपटणं जवळजवळ अशक्य. म्हणून गोळ्याच्या नाकात घड्याळासारखा टाइम फ्यूज असायचा. उडवण्याआधी किल्ली फिरवून वेळ लावायचा, त्यात जास्तीत जास्त ३० सेकंद. तेवढा वेळ झाला की गोळा हवेत फुटणार आणि तुकडे चहूकडे उडणार. पण ८८ चा गोळा विमानाला नक्की पाडू शकेल असं अंतर जेमतेम १० मीटरच्या आसपास. आता समजा वर पोचलेल्या गोळ्याचा वेग सेकंदाला ३०० मीटर उरलाय आणि फ्यूजमध्ये चूक झाली फक्त ०.१ सेकंदाची. गोळा ३० मीटर आधी किंवा नंतर फुटला. गेला वाया!

आणखी एक मेख आहे. फ्यूज लावल्यापासून गोळा सुटेपर्यंत जो वेळ जातो तोही गणितात आधीच धरलेला असतो. गोळा भरणारा माणूस एक सेकंद रेंगाळला, तर विमान ८० मीटर पुढे. म्हणजे तोफखान्यात चपळाईपेक्षा महत्त्वाचं काय, तर प्रत्येक वेळी तेवढाच वेळ लावणं. माझ्या ०.२ सेकंदांबद्दल सर का बोलले ते मला इथे कळलं.

दाते, कॅम आणि सेल्सिन

हे गणित विमान डोक्यावर असताना कागदावर करणार कोण? म्हणून 'कोमांडोगेरेट' नावाचं यंत्र आलं. आधी कोमांडोगेरेट ३६, मग सुधारलेलं ४०. त्याच्यावर ४ मीटर लांबीचा स्टिरिओस्कोपिक अंतरमापक बसवलेला असायचा. आपले दोन डोळे जसे खोली ओळखतात तसंच, फक्त इथे दोन 'डोळ्यां'मध्ये ४ मीटर अंतर. माणसं दुर्बिणीतून विमानाचा पाठलाग करायची आणि आतले गिअर, डिफरन्शियल आणि हव्या त्या आकारात कापलेले कॅम मिळून विमानाची दिशा, वेग आणि गोळ्याचा प्रवासकाळ यांचं उत्तर सतत काढत राहायचे. हा सरळ सरळ कॉम्प्युटरच, फक्त त्यात करंटऐवजी दाते फिरत होते.

उत्तर तीन आकड्यांत निघायचं: तोफ किती फिरवायची, नळी किती उचलायची आणि फ्यूज किती सेकंदांचा. हे आकडे जाड केबलमधून चारही तोफांना जायचे. आधीच्या मॉडेल्समध्ये तोफेच्या डायलवर बारीक दिवे लागायचे आणि तोफची आपला काटा पेटलेल्या दिव्यावर आणायचा. फ्लाक ३७ मध्ये दिव्यांऐवजी काटेच आले. यंत्राने फिरवलेल्या काट्यावर आपला काटा जुळवत हँडल फिरवायचं, बस्स. हे काटे ज्याने फिरायचे ती जोडी म्हणजे आपल्या कंट्रोल लॅबमधलं सेल्सिन! ज्या प्रॅक्टिकलला आपण रीडिंग्ज शेजारच्या बॅचकडून घेतो, तेच ते.

गंमत बघा, तोफेवरच्या माणसाला विमान बघायची गरजच उरली नाही. त्याने फक्त डायल बघायचा.

रात्री किंवा ढगांत दुर्बीण कुचकामाची. त्यासाठी १९४० पासून टेलिफुंकेन कंपनीचं 'वुर्झबुर्ग' रडार आलं. ३ मीटर व्यासाची डिश आणि तरंगलांबी सुमारे ५३ सेंटिमीटर. ब्रिटिशांना त्याची इतकी धास्ती होती की फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावर ब्रुनेव्हल इथे छत्रीधारी सैनिक उतरवून एका वुर्झबुर्गचे भागच पळवून नेले. मग २४ जुलै १९४३ च्या रात्री हॅम्बुर्गवर त्यांनी विमानांतून चंदेरी पट्ट्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे सोडले. पट्ट्यांची लांबी रडारच्या तरंगलांबीच्या निम्मी, त्यामुळे प्रत्येक पट्टी रडारला उत्तर देणारी छोटी अँटेना झाली. पडद्यावर नुसता कचरा. कोट्यवधींचं रडार आणि त्याला आंधळं केलं चमकत्या कागदाने! त्याच आठवड्यातल्या हल्ल्यांत हॅम्बुर्गमध्ये तीस हजारांहून जास्त माणसं जळून आणि गुदमरून मेली. हे वाचल्यावर 'गंमत' हा शब्द परत लिहावासा वाटला नाही.

तोफ विमानाची, शिकार रणगाड्याची

माझी रूममेट नगरची आहे, म्हणजे अहमदनगरची, आताचं अहिल्यानगर. दिवाळीच्या सुट्टीत तिच्याकडे गेले तेव्हा तिचे बाबा आम्हाला तिथलं रणगाड्यांचं म्युझियम बघायला घेऊन गेले. तिथे जर्मन ८८ ची तोफ आहे हे मी वाचलं होतं, पण प्रत्यक्ष समोर उभं राहिल्यावर पहिल्यांदा जाणवली ती नळीची लांबी. मी कॅम, रिक्युपरेटर वगैरे उत्साहाने समजावून सांगत होते. काका ऐकत होते. त्याच म्युझियममध्ये ब्रिटिशांचा मटिल्डा रणगाडाही आहे. काका म्हणाले, "हिने त्याला मारलं म्हणे वाळवंटात. मग आतल्या पोरांचं काय झालं असेल गं?" मला उत्तर देता आलं नाही. माझ्या नोट्समध्ये चिलखताची जाडी लिहिली होती, ७८ मिलिमीटर. पोरांची संख्या लिहिली नव्हती.

काका म्हणाले ते खरं आहे. विमानासाठी लागणारा प्रचंड वेग आणि सरळ जाणारा गोळा रणगाड्यालाही तितकाच घातक. स्पेनच्या यादवी युद्धात जर्मनांनी ते आजमावलं होतं. मे १९४० मध्ये फ्रान्समध्ये अरासजवळ रोमेलने याच तोफांनी ब्रिटिश रणगाडे रोखले. आणि १५ जून १९४१ ला इजिप्तच्या सीमेवर हलफाया खिंडीत, वाळूत खड्डा करून लपवलेल्या मोजक्या ८८ तोफांनी मटिल्डांची अख्खी तुकडी संपवली. त्या दिवशी खिंडीच्या खालच्या बाजूने, समुद्राकडून चढाई करणाऱ्यांमध्ये चौथ्या इंडियन डिव्हिजनच्या सैनिकांबरोबर ५ व्या मराठा लाईट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती. कोकणातली, घाटावरची मुलं, इजिप्तच्या वाळूत, क्रुपच्या तोफेसमोर. हे आम्हाला शाळेत कधी शिकवलं नाही, इंग्रजीतूनही नाही आणि मराठीतूनही नाही.

मोठी, आणखी मोठी

बॉम्बर जसे उंच उडू लागले तशा तोफा मोठ्या झाल्या. ऱ्हाइनमेटाल कंपनीची १०.५ सेंटिमीटर फ्लाक ३८ आणि ३९, मग १२.८ सेंटिमीटरची फ्लाक ४०, जिचा गोळा २६ किलोचा! दोन १२.८ च्या नळ्या शेजारी शेजारी बसवून 'जुळी' तोफही केली. ती ठेवायला बर्लिन, हॅम्बुर्ग आणि व्हिएन्नात फ्रीडरिश टाम्स या आर्किटेक्टने काँक्रीटचे अवाढव्य बुरुज बांधले. त्यांच्या भिंती इतक्या जाड की युद्धानंतर काही बुरुज पाडणंच जमलं नाही. व्हिएन्नातल्या एका बुरुजात आज मत्स्यालय आहे आणि हॅम्बुर्गच्या एका बुरुजावर झाडं लावून हॉटेल केलंय. सिव्हिलवाल्यांनो, बघा, कसं काँक्रीट!

८८ चीच सुधारित बहीण 'फ्लाक ४१' गोळ्याला सेकंदाला १००० मीटर वेग द्यायची. कागदावर सर्वोत्तम. पण बनवायला किचकट, महाग आणि काडतूस अडकून बसायची खोड. जास्त संख्येने ती कधी आलीच नाही.

खालून झेप घेणाऱ्या विमानांसाठी मात्र हे अवजड प्रकरण उपयोगाचं नव्हतं. तिथे २ सेंटिमीटरच्या झटपट तोफा. ऱ्हाइनमेटालच्या फ्लाक ३० चा वेग कमी पडला म्हणून माउझर कंपनीने फ्लाक ३८ केली आणि मग चार नळ्या एकत्र बसवून 'फ्लाकफीरलिंग'. तिला पायाने दाबायचे दोन पेडल. एका पेडलवर दोन नळ्या, आणि त्याही तिरप्या समोरासमोरच्या. कारण दोन नळ्यांचे गोळे संपून मॅगझिन बदलेपर्यंत उरलेल्या दोन चालू राहाव्यात, आणि धक्का एकाच बाजूला बसू नये. साधं, पण काय डोकं!

मग एवढं करून उपयोग झाला का?

आता खरा धक्का. १९४४ मध्ये झिजलेल्या नळ्यांच्या ८८ तोफांना एक विमान पाडायला सरासरी सुमारे १६,००० गोळे लागत होते. चार तोफांची बॅटरी मिनिटाला ६० गोळे मारते असं धरलं, तर न थांबता जवळपास साडेचार तास! नुसत्या गोळ्यांचं वजन १४४ टन.

इतकं चांगलं डिझाईन आणि इतका वाईट निकाल, असं का? मला वाटतं त्याचं उत्तर माझ्या बॉलमध्ये आहे. व्हायवानंतर मी प्रोग्रॅममध्ये अंदाज घालायचा प्रयत्न केला. बॉलचा आत्ताचा वेग घ्यायचा आणि ०.२ सेकंदांनी तो कुठे असेल तिथे लेझर रोखायचा. झोक्याच्या मधोमध ठिपका बरोब्बर बॉलवर! पण टोकाला, जिथे बॉल थांबून मागे वळतो, तिथे ठिपका पुढे हवेत निघून जायचा. कारण माझं गणित धरून चाललं होतं की बॉल सरळच जाणार. कोमांडोगेरेटही तेच धरून चालायचं. विमान पुढचे वीस सेकंद सरळ, एका वेगाने, एका उंचीवर जाईल. बॉम्ब टाकण्याआधीची काही मिनिटं विमानं खरंच सरळ उडायची, म्हणून तेव्हाच ती सर्वात जास्त सापडायची. बाकी वेळ पायलट किंचित वळला की वीस सेकंदांची मेहनत पाण्यात. नळी कितीही चांगली असो, समोर माणूस बसलाय आणि त्याला जगायचंय, हे कॅममध्ये कापता येत नाही.

अर्थात तोफा अगदीच फुकट गेल्या असंही नाही. त्यांच्या भीतीने विमानं उंच उडायची, नेम चुकायचे, हजारो विमानं जखमी होऊन परतायची. १९४४ च्या उत्तरार्धात अमेरिकन बॉम्बर्सना जर्मन लढाऊ विमानांपेक्षा फ्लाकचाच मोठा धोका होता. पण त्यासाठी हजारो तोफा रणांगणावरून काढून शहरांभोवती ठेवाव्या लागल्या.

याच प्रश्नाचं दुसरं उत्तर पलीकडच्या बाजूला सापडलं. अमेरिकनांनी गोळ्याच्या नाकात इवलासा रेडिओ बसवला. विमान जवळ आलं की गोळा स्वतःच फुटणार. वेळ लावायची भानगडच नाही, म्हणजे तीनपैकी एक आकडा गेला. जर्मन असे फ्यूज करायच्या प्रयत्नात होते पण युद्ध संपेपर्यंत एकही वापरात आला नाही. १९४४ च्या उन्हाळ्यात हिटलरने इंग्लंडवर व्ही-१ हे बिनवैमानिकाचे उडते बॉम्ब सोडले तेव्हा हा फ्यूज, नवं रडार आणि बेल लॅब्सचं इलेक्ट्रिकल गणकयंत्र या त्रिकुटाने ते धडाधड पाडले. कारण व्ही-१ सरळ उडायचा. त्यात घाबरून वळणारं कोणी नव्हतं! अमेरिकेत नॉर्बर्ट वीनर हा गणितज्ञ त्याच काळात विमान पुढे कुठे जाईल याचा अंदाज बांधायचं गणित करत होता. त्याचं यंत्र युद्धात वापरलं गेलं नाही, पण त्यातून १९४८ मध्ये त्याचं 'सायबरनेटिक्स' हे पुस्तक आलं. आपल्या कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरमधला फीडबॅक या तोफांच्या धुरातूनही चालत आलेला आहे.

डायलसमोर कोण बसलं होतं?

शेवटी एक गोष्ट, जी वाचून मी त्या रात्री वाचन थांबवलं.

१९४३ मध्ये जर्मनीकडे माणसं कमी पडू लागली. तोफा होत्या, गोळे होते, पण माणसं रशियात मरत होती. तेव्हा शाळेतली १५-१६ वर्षांची मुलं वर्गच्या वर्ग उचलून फ्लाकच्या बॅटरीवर आणली. रात्री तोफ, सकाळी तिथेच शिक्षक येऊन तास घ्यायचे. अवजड गोळे उचलायला मोठी माणसं किंवा युद्धकैदी, आणि डायल, दुर्बीण, टेलिफोन या पोरांकडे. मुली आणि बायकाही सर्चलाईट आणि यंत्रांवर होत्या. मी शाळेत पहिलीत होते तेव्हा प्रिन्सिपल सिस्टरांच्या ऑफिसमध्ये पोप बेनेडिक्ट यांचा फोटो होता, पांढऱ्या कपड्यातला, हसरा. ते योझेफ राट्झिंगर वयाच्या सोळाव्या वर्षी म्युनिकजवळ अशाच फ्लाक तुकडीत होते, हे मला आत्ता कळलं. आणि या तोफा, गोळे बनवणाऱ्या क्रुपच्या कारखान्यांत छळछावण्यांतले कैदीही राबवले गेले. त्यासाठी १९४८ मध्ये न्यूरेंबर्गला आल्फ्रीड क्रुपला शिक्षा झाली.

माझा धाकटा भाऊ सोळा वर्षांचा आहे. अकरावीत आहे, क्लासला जातो, फिजिक्समध्ये माझ्यापेक्षा हुशार. काट्यावर काटा जुळवायला त्याला दहा मिनिटांत शिकवता येईल. खरं सांगायचं तर ते यंत्र इतकं सोपं केलं होतं ते याचसाठी, की कोणालाही बसवता यावं. डिझाईनमधला जो गुण मी इतका वेळ कौतुकाने सांगितला, त्याचाच हा दुसरा अर्थ. आणि वर विमानात बसलेलेही फार मोठे नव्हते. पुष्कळसे माझ्याच वयाचे.

मी काही 'इंजिनिअरिंग वाईट' वगैरे भाषण ठोकणार नाही. एटी-एटची ब्रीच सुंदर आहे, हे मी अजूनही म्हणेन. पण पुढच्या वर्षी प्लेसमेंटला कोणी विचारलं की तुझ्या यंत्राने काय साधलं, तर नुसता वेग आणि अचूकता सांगून माझं समाधान होणार नाही. डायलच्या या बाजूला कोण बसलंय आणि त्या बाजूला कोण आहे, हेही मला माहीत असायला हवं. काकांनी विचारलेला प्रश्न होता तो. मार्क त्याला नाहीत, पण कम्पल्सरी आहे.

बॉलचं काय झालं? तो झोका आहे, सरळ रेषा नाही, हे एकदा प्रोग्रॅमला सांगितल्यावर ठिपका टोकालाही चुकेनासा झाला. टेक्निकल फेस्टिव्हलच्या दिवशी आमच्या स्टॉलवर जरूर या आणि हवा तेवढा जोरात झोका द्या. फक्त लेझर डोळ्यात बघू नका!